ओळख, मुदत आणि मोर्तब : वर्डप्रेस या लेखनप्रणालीतील ओळख-पडताळणीची चिकित्सा

प्रस्तावना

छापील नियतकालिकात लेखाखाली जे नाव येते त्याची जबाबदारी संपादक आणि प्रकाशक घेतात. त्यामागे हस्तलिखित, पत्रव्यवहार, मुद्रितशोधनाची प्रत असा कागदांचा माग असतो. आंतरजालावरील लेखनात हे काम एका आज्ञावलीकडे गेले आहे. 'हा मजकूर अमुक व्यक्तीने अमुक दिवशी लिहिला' हे विधान तेथे यंत्र करते. त्या विधानाला एकच आधार असतो, तो म्हणजे लिहिणाऱ्याने प्रवेश करताना पटवलेली ओळख. ही पडताळणी सदोष असेल तर प्रश्न तांत्रिक बिघाडापुरता उरत नाही. लेखकत्वच संशयास्पद होते. म्हणून हा विषय संगणकशास्त्र विभागाइतकाच भाषा आणि इतिहास या विभागांचाही आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

येथे चिकित्सेसाठी वर्डप्रेस ही प्रणाली निवडली आहे. मिशेल वाल्द्रिगी यांच्या 'बी-टू' या आज्ञावलीच्या आधारे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. आरंभी ती अनुदिनी लिहिणाऱ्यांचे साधन होती. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. मराठीतील व्यक्तिगत अनुदिन्या, साहित्यसंस्थांची स्थळे, महाविद्यालयांची संकेतस्थळे आणि त्यांवरील नियतकालिके यांतही तिचा वापर मोठा आहे. शिवाय तिची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली असल्याने तिच्यातील दोषांची चर्चा ऐकीव माहितीवर करावी लागत नाही. दोष कोणत्या ओळीत होता हे दाखवता येते.

या दोषांविषयी सामान्यतः दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले, वापरणारे लोक दुबळे परवलीचे शब्द ठेवतात. दुसरे, गूढलेखनाचे गणित जुने होते आणि चोर पुढे जातात. दोन्हींत तथ्य आहे. पण या प्रणालीचा इतिहास पाहता, तिचे सर्वांत बोधप्रद दोष यांपैकी कशानेही घडलेले नाहीत. ते दस्तऐवज लिहिण्यातले दोष आहेत. कागदावर काय लिहिले, ते कोठे संपले आणि मोहर नेमकी कशावर उमटली, या तीन बाबींत झालेली हयगय त्यांच्या मुळाशी आहे. आणि या तीन बाबी आपल्या दफ्तरांतील कारकुनांना चांगल्या ठाऊक होत्या.

परवाना कशाचा बनतो

संकेतस्थळात प्रवेश करताना आपण नाव आणि परवलीचा शब्द देतो. तो तपासून झाला की सर्व्हर आपल्या संगणकावर एक छोटी चिठ्ठी ठेवतो. तिला कुकी म्हणतात. पुढे प्रत्येक पान उघडताना आपला संगणक ही चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवून दार उघडतो. जुन्या काळी नाक्यावर दस्तक दाखवून माल पुढे नेत, त्याच जातीचा हा कागद आहे. दस्तक कोणाला दिले आणि ते कोठवर चालेल, या दोन गोष्टी त्यावर असाव्या लागतात. आणि त्या दोन्ही बदलता येऊ नयेत यासाठी शिक्का असावा लागतो.

व्यक्ती आणि मुदत यांची ही जोडी समजण्यासाठी अणदूरकरांना लांब जावे लागत नाही. अणदूर आणि नळदुर्ग यांच्यात खंडोबाची मूर्ती एकच आहे. वर्षातील मोठा काळ तिचा मुक्काम अणदुरास आणि यात्रेचा थोडा काळ नळदुर्गास असतो. देवाची ने-आण करताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी. तरीही कागद होतो, कारण 'कोणाकडे' आणि 'कधीपर्यंत' या दोन गोष्टी तोंडी ठेवल्या की वाद होतात.

पहिला दोष : कुलूप आणि किल्ली एकच

ऑक्टोबर २००७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील सुरक्षा संशोधकांच्या 'लाइट ब्लू टचपेपर' या अनुदिनीतच कोणी घुसखोरी केली. ज्यांचा व्यवसायच सुरक्षा आहे त्यांच्या घरी ही चोरी व्हावी, हा योगायोग विषयाच्या पथ्यावर पडला. तेथील संशोधक स्टीव्हन मर्डॉक यांनी चोराने मागे ठेवलेले खाते तपासले. खात्यापुढे परवलीचा शब्द साध्या रूपात नव्हता. 'एमडी-५' या पद्धतीने काढलेला त्याचा ३२ अक्षरी सारांश, म्हणजे हॅश, तेवढा होता. हॅशवरून मूळ शब्द उलट काढता येत नाही असे मानले जाते. मर्डॉक यांनी ती ३२ अक्षरे गूगलवर शोधली, आणि उत्तर मिळाले : 'अँथनी'. त्या नावाचा हॅश अनेक पानांच्या पत्त्यांत आधीच नोंदला गेलेला होता. वर्डप्रेस प्रत्येक खात्यासाठी वेगळे, यादृच्छिक 'मीठ' हॅशमध्ये मिसळत नव्हते; त्यामुळे एका शब्दाचा हॅश जगात सर्वत्र एकच येई आणि शोधयंत्र हेच शब्दकोशाचे काम करी.

ही कथा रंजक असल्याने तीच पुष्कळ सांगितली गेली. परंतु मर्डॉक यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात दाखवलेला दुसरा दोष अधिक गंभीर होता आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. वर्डप्रेस २.३.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत डेटाबेसमध्ये परवलीच्या शब्दाचा हॅश असे, आणि कुकीत त्या हॅशचा पुन्हा एकदा काढलेला हॅश असे. म्हणजे ज्याच्या हाती डेटाबेसची नक्कल लागली, त्याला मूळ शब्द शोधण्याची गरजच नव्हती. नकलेतील हॅशचा आणखी एक हॅश काढला की संपादकाची कुकी तयार. शिवाय या कुकीला सर्व्हरने तपासावी अशी मुदत नव्हती. मालक परवलीचा शब्द बदलीपर्यंत ती चालत राहणार. नोंदवहीत ठशाचा नमुना जपून ठेवावा, आणि त्या नमुन्यावरून कोणालाही तोच शिक्का पाडता यावा, असा हा प्रकार होता. हॅश काढण्याचा सर्व खटाटोप डेटाबेस चोरीला गेला तरी खाती वाचावीत यासाठीच असतो; येथे तो खटाटोप करून त्याचा हेतूच विसरला गेला. हा दोष गणिताचा नाही. 'एमडी-५' ऐवजी कितीही भक्कम पद्धत योजली असती तरी तो तसाच राहिला असता.

'मात्र' या शब्दाची अनुपस्थिती

२९ मार्च २००८ रोजी वर्डप्रेसची २.५ ही आवृत्ती आली आणि वरील दोन्ही दोष तिने दूर केले. परवलीच्या शब्दात मीठ मिसळू लागले, आणि कुकीची रचना नव्याने झाली. नव्या कुकीत तीन भाग होते : वापरकर्त्याचे नाव, मुदत संपण्याची वेळ, आणि या दोहोंवर सर्व्हरच्या गुप्त किल्लीने काढलेली मोहर. वेळ १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांत, म्हणजे दहा अंकी संख्येत, लिहिली जाई. हा आराखडा तत्त्वतः निर्दोष होता. किल्ली ठाऊक नसणाऱ्याला नाव किंवा मुदत बदलता येणार नाही, कारण बदललेल्या मजकुराशी मोहर जुळणार नाही.

तरीही महिन्याच्या आत मर्डॉक यांनी त्यात छिद्र दाखवले. कुकीत तिन्ही भागांच्या मध्ये उभ्या रेघा होत्या. पण मोहर काढताना नाव आणि मुदत यांना एकापुढे एक चिकटवले जाई आणि मधली रेघ गळून पडे. समजा, एखाद्या स्थळावर मुख्य खात्याचे नाव 'संपादक' आहे. कोणी तेथे 'संपादक९९' या नावाने साधे खाते उघडले. सर्व्हरने त्याला कुकी दिली : नाव 'संपादक९९', मुदत '१२०९३३१३०५'. मोहर उमटली ती 'संपादक९९१२०९३३१३०५' या सलग ओळीवर. आता त्या व्यक्तीने आपल्या कुकीतील रेघ दोन अक्षरे अलीकडे सरकवली : नाव 'संपादक', मुदत '९९१२०९३३१३०५'. सलग ओळ तीच, म्हणून मोहरही तीच, म्हणून ती खरी ठरणार. किल्ली फोडावी लागली नाही, परवलीचा शब्द लागला नाही; एका सामान्य वाचकाचा मुख्य संपादक झाला. मुदतही वाढली ती थेट इसवी सनाच्या चौतिसाव्या सहस्रकापर्यंत!

मोडी वाचणाऱ्यास हे नवल वाटू नये. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याची आणि विरामचिन्हांची रीत नाही. पदच्छेद वाचणाऱ्याने करायचा. एकाच ओळीचे दोन प्रकारे पद पाडले की दोन अर्थ निघतात, हा मोडी शिकणाऱ्याचा पहिल्या आठवड्यातील अनुभव असतो. म्हणूनच त्या लिपीत व्यवहार करणाऱ्यांनी जेथे हक्क आणि पैसा यांचा संबंध येई तेथे सीमा दाखवणारी वेगळी साधने योजली. शिवकालीन पत्रांत मुख्य मुद्रा वर असे आणि मजकूर संपताच, येथे मर्यादा झाली अशा अर्थाची दुसरी लहान मुद्रा उमटवली जाई. तिच्याखाली कोणी काही लिहिले तर ते पत्राचा भाग नाही हे उघड होई. पेशवाईतील कागदांवर शेवटी येणारे मोर्तब हेच काम करते. ही शेवटची मुद्रा पत्र कोणाचे हे सांगत नाही; ते काम वरच्या मुद्रेने केलेले असते. ती पत्र कोठे संपले एवढेच सांगते. ओळख आणि सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या मुद्रा लागतात, हे त्या दफ्तरांना पक्के कळले होते.

आजही आपण पावतीवर 'अक्षरी रुपये पाचशे मात्र' असे लिहितो. हा 'मात्र' व्याकरणदृष्ट्या तेथे अनावश्यक आहे. अर्थात भर घालत नाही. तो केवळ 'पाचशे' नंतर कोणी 'पन्नास' जोडू नये म्हणून उभा असलेला पहारेकरी आहे. महाविद्यालयाच्या लेखा विभागातील कोणताही लिपिक त्याशिवाय पावती पुढे सरकवणार नाही. वर्डप्रेस २.५ च्या मोहरेत हा 'मात्र' नव्हता.

२५ एप्रिल २००८ रोजी आलेल्या २.५.१ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. मोहर काढताना नाव आणि मुदत यांच्यामध्ये उभी रेघ घालण्यात आली. दिसायला ती आपल्या लिपीतील दंडासारखीच आहे. एवढ्या मोठ्या प्रणालीतील एवढा मोठा दोष एका दंडाने मिटला, ही बाब आज्ञावलीच्या दृष्टीने किरकोळ आणि चिकित्सेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. निर्मात्यांच्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की हा हल्ला करण्यासाठी स्थळावर कोणालाही खाते उघडण्याची मुभा असावी लागे, आणि ती मुभा मुळात बंद ठेवलेली असते. पण ज्या स्थळांना वाचकांचा सहभाग हवा होता त्यांनीच ती उघडी केली होती. म्हणजे दंड अधिक मोकळेपणाने वागणाऱ्यालाच झाला.

तपासणारा एक वाचतो, करणारा दुसरे

ऑगस्ट २००९ मधील दोषावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. परवलीचा शब्द विसरल्यास ई-पत्राने आलेली खूणचिठ्ठी दाखवून तो बदलता येतो. २.८.३ या आवृत्तीत खूणचिठ्ठीच्या जागी शब्दाऐवजी यादी पाठवली की तपासणी चुकत असे आणि ज्याच्या नावे कोणतीही खूण नोंदलेली नाही अशा पहिल्या खात्याचा, म्हणजे बहुधा मुख्य चालकाचा, परवलीचा शब्द बदलला जाई. नवा शब्द खऱ्या मालकालाच ई-पत्राने जात असल्याने चोरी होत नसे, मनस्ताप होई. २.८.४ मध्ये ते मिटले.

२०१७ चे प्रकरण मात्र तपशिलाने पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ या आवृत्तीत बाहेरील आज्ञावलींना लेख वाचता आणि बदलता यावेत यासाठी नवी वाट उघडण्यात आली. लेख बदलण्याची विनंती आली की प्रणाली दोन कामे करी. पहिले, विनंतीत दिलेल्या क्रमांकाचा लेख शोधून तो बदलण्याचा अधिकार विनंती करणाऱ्याला आहे का हे तपासणे. दुसरे, तो लेख बदलणे. कोणी '१२३' ऐवजी '१२३कखग' असा क्रमांक पाठवला तर काय होईल? तपासणाऱ्याने असा लेखच नाही असे पाहिले, आणि जो लेख नाही त्याबद्दल मनाई कशाची करायची, म्हणून विनंती पुढे सोडली. करणाऱ्याने मात्र त्याच मजकुराचे आधी संख्येत रूपांतर केले. '१२३' पुढची अक्षरे गळाली आणि १२३ क्रमांकाचा लेख बदलला गेला. प्रवेशही न केलेल्या व्यक्तीला कोणाचाही लेख लिहिता येत होता.

सुकुरी या संस्थेतील मार्क-अलेक्झांद्र मॉन्पा यांनी हा दोष कळवला. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ही दुरुस्त आवृत्ती आली, आणि बहुसंख्य स्थळे आपोआप सुधारावीत म्हणून दोषाची वाच्यता १ फेब्रुवारीपर्यंत लांबवण्यात आली. ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही अशा स्थळांवरील लक्षावधी पाने पुढील काही दिवसांत विद्रूप झाली. येथेही गूढलेखनाचा संबंध नव्हता, दुबळ्या परवलीच्या शब्दाचा तर नव्हताच. एकच मजकूर दोन वाचकांनी दोन ठिकाणी तोडून वाचला. २००८ मध्ये नावाची सीमा सरकली होती, नऊ वर्षांनी क्रमांकाची सरकली. दरम्यान किल्ल्या लांब झाल्या होत्या, पद्धती सुधारल्या होत्या. सीमेची समस्या जागच्या जागी होती.

निर्मात्यांविषयी निवाडा देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोष कळल्यावर त्यांनी दाखवलेली तत्परता वाखाणण्याजोगी आहे, आणि आज्ञावली खुली असल्यामुळेच केंब्रिजमधील एका संशोधकाला ती वाचता आली हेही खरे. परंतु जुन्या स्थळांची गैरसोय होऊ नये हा त्यांचा आग्रह अनेकदा सुरक्षिततेवर मात करतो. २००८ मध्ये स्वीकारलेली परवलीचे शब्द साठवण्याची पद्धत त्याच काळी 'बी-क्रिप्ट'सारख्या अधिक भक्कम पद्धतीहून दुबळी होती. तिची निवड केवळ ती सर्व सर्व्हरवर चालावी म्हणून झाली. 'बी-क्रिप्ट' मूळ प्रणालीत आली ती एप्रिल २०२५ मध्ये, ६.८ या आवृत्तीत. सतरा वर्षे ही गैरसोय टाळण्याची किंमत म्हणून जास्तच म्हणावी लागेल. जून २०१० मधील ३.० या आवृत्तीपूर्वी मुख्य खात्याचे नाव सर्वत्र 'अ‍ॅडमिन' हेच ठरलेले असे. नाव आणि परवलीचा शब्द या जोडीतील अर्धा भाग त्यामुळे जगजाहीर झाला, आणि एप्रिल २०१३ मध्ये जगभरच्या वर्डप्रेस स्थळांवर शब्द ओळखण्याचा जो प्रचंड मारा झाला तो याच नावावर होता.

नाममुद्रा आणि खाते

आतापर्यंतची चर्चा दाराविषयी झाली. दारातून आत आल्यावर लेखाखाली नाव कसे येते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा हा लेखकत्वाचा दावा असतो. तो पुरावा नसतो. ती मुद्रा कोणालाही घालता येते किंवा काढता येते. आपली वचने स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोविषयीची तक्रार तुकारामांच्या गाथेतच आहे, आणि उलट बाजूने 'तुका म्हणे' ही मुद्रा असलेले सर्व अभंग तुकारामांचेच का, हा प्रश्न गाथेच्या प्रत्येक संपादकापुढे उभा राहिला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्या हाती त्या बजावणीपलीकडे साधन नव्हते. पाठचिकित्सकाला आजवर जे काही ठरवता आले ते अनेक पोथ्या, त्यांचे लेखक, त्यांचा काळ आणि त्यांतील भेद यांच्या आधारे.

वर्डप्रेसमध्ये लेखाखाली दिसणारे नाव हीदेखील नाममुद्राच आहे. खात्याचा मालक ते हवे तसे बदलू शकतो, आणि संपादकाच्या अधिकाराचे खाते एका क्लिकने एका लेखकाचा लेख दुसऱ्याच्या नावावर करू शकते. पण येथे एकनाथांना न मिळालेले साधन आहे. जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून लेखाची प्रत्येक जुनी प्रत जतन होते आणि ती कोणत्या खात्यातून, केव्हा बदलली याची नोंद राहते. ज्या पोथीपरंपरेसाठी अभ्यासकांना मठामठांतून हिंडावे लागले ती येथे आपोआप तयार होते. हाच या प्रणालीचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मौल्यवान भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या नोंदीचे मोल मात्र खात्यांच्या शिस्तीवर अवलंबून आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या तिसऱ्या कलमात विद्युतीय नोंदीच्या प्रमाणीकरणासाठी किल्ल्यांची जोडी आणि हॅश यांची व्यवस्था सांगितली आहे. ६६-क या इंग्रजी 'सी' क्रमाच्या कलमाने दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवला आहे. पण जेथे विभागप्रमुख, दोन सहायक प्राध्यापक आणि संगणक कक्षातील कर्मचारी एकच खाते आणि एकच परवलीचा शब्द खुशीने वाटून घेतात, तेथे अप्रामाणिक वापर कोणता आणि नेहमीचा कोणता हे वेगळे काढणार कसे? प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात; शब्द तोच राहतो. प्रवेशाच्या चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालण्याची आणि दुसऱ्या खुणेची, म्हणजे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकेताची, सोय मूळ प्रणालीत नाही. ती पूरक आज्ञावलीने जोडून घ्यावी लागते, आणि जोडून घेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे बहुधा ठरलेले नसते.

यूजीसी-केअर यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली. त्या काळात नामांकित नियतकालिकांच्या नावाने उभारलेल्या बनावट स्थळांची चर्चा पुष्कळ झाली. ती बाहेरच्या तोतयांची होती. घरच्या स्थळावरील प्रकाशित लेखात कोणी एक आकडा, एक नाव किंवा एक परिच्छेद बदलला आणि मूळ लेखकाने हरकत घेतली, तर चौकशी समिती जुन्या प्रतींची यादी उघडेल. प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ तेथे सेकंदापर्यंत अचूक असेल. बदल करणाऱ्याच्या रकान्यात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'अ‍ॅडमिन' एवढेच लिहिलेले सापडेल.